गाडी अण्णांच्या नावावर

गाडीचा विमा विकणाऱ्या बाईकडे माणूस दोनदा येतो. पहिल्यांदा, सगळ्यात स्वस्त कोणता ते विचारायला. दुसऱ्यांदा, ठोकल्यावर. मधल्या काळात बाजारात समोर आला तरी तोंड चुकवतो, न जाणो ही बाई अजून काहीतरी गळ्यात मारील! त्यामुळे माणसं मला दिसतात ती या दोनच वेळी, आणि दोन्ही वेळी ती फार काही चांगली दिसत नाहीत. गाडी दुरुस्त होऊन घरी जाते. किस्सा मात्र माझ्या टेबलापाशीच राहतो. असे किती साठलेत, ते आता मलाही सांगता यायचं नाही.

टेबल म्हणजे श्रीगोंद्यातल्या बाळू मिस्त्रीच्या गॅरेजचा एक कोपरा. तिथे मी, माझा प्रिंटर आणि मनात आलं तर फिरणारा पंखा. बाळू वयानं माझ्याहून बराच लहान, मला ताई म्हणायचा. त्याची बायको रेखा सकाळच्या चहाची किटली घरून आणायची. कंपनीतर्फे नुकसान बघायला नगरहून सर्व्हेअर साहेब यायचे. माणूस सभ्य, पण हसताना कुणी बघितलेला नाही. बाळूच्या हाताखालचे दोन-तीन मिस्त्री धरले, की आमचा गोतावळा एवढाच.

"ताई, सांगा की एखादा किस्सा, तुमचे किस्से लई भारी असतात!" असं लोक म्हणतात. सांगते. पण यातल्या प्रत्येकाला मी आधी नीट समजावून सांगितलेलं होतं, हे लक्षात ठेवून हसा.

*

पारनेरकडचे एक रिटायर गुरुजी. दरवर्षी येणार आणि एकच वाक्य बोलणार, "पोलिसानं हात केला की दाखवायला कागद पायजे, बास."

मी म्हणायची, "गुरुजी, ही थर्ड पार्टी आहे. तुमच्या गाडीनं दुसऱ्याला लागलं, दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याच्यासाठी आहे ही. तुमच्या स्वतःच्या गाडीला यात काहीही मिळत नाही."

"मला शिकवता का? जन्म गेला माझा शिकवन्यात!"

मग एकदा घाटात गुरुजींची गाडी दुधाच्या टेम्पोवर गेली. टेम्पोच्या ड्रायव्हरचा हात मोडला. त्यानं कोर्टात केस केली, तर त्याची भरपाई द्यायला कंपनी उभी राहिली, वकीलसुद्धा कंपनीचाच. गुरुजी खूश! लगेच माझ्याकडे हजर.

"माझ्या बॉनेटचं कवा येनार?"

"नाही येणार, गुरुजी."

"म्हंजे? इतकी वर्षं हप्ता मी भरला, आन् मिळनार त्याला?"

"हो. त्याच्यासाठीच होता तो."

गुरुजींनी बराच वेळ प्रिंटरकडे बघितलं. मग एकदम उसळून म्हणाले, "मग त्याला सांगायचं ना भरायला!"

बाळू तर हातातला पाना टाकून हसला. पण पुढचं ऐका. पुढच्या वर्षी गुरुजी परत आले आणि परत थर्ड पार्टीच घेऊन गेले. का, तर म्हणे, "आता काय, एकदा ठोकून झाली की!"

*

हसण्यात बाळू कायम पुढे. आणि स्वतःची गाडी? ती अण्णांच्या नावावर!

अण्णा म्हणजे त्याचे वडील. साखर कारखान्यात नोकरी केली, रिटायर झाल्यावर हौसेनं गाडी घेतली, तिच्यात कुणाला चपला घालून बसू दिलं नाही आणि एक दिवस झोपेतच गेले. बाळूनं मागच्या काचेवर 'अण्णांचा आशीर्वाद' असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. इथपर्यंत ठीक. आमच्याकडे अर्ध्या गाड्यांच्या काचांवर कुणी ना कुणी गेलेला माणूस असतोच. पण आरसी बुकावरही त्यानं अण्णांनाच ठेवलं, आणि विमाही त्यांच्याच नावानं चालू.

मी त्याला समोर बसवून सांगितलं. "बाळू, पॉलिसीत मालकाचा अपघात विमा असतो. पंधरा लाखांचा. गाडी चालवताना मालक गेला तर त्याच्या घरच्यांना मिळतात. मालक कोण? ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे तो. तू कोण आहेस? कंपनीच्या लेखी कुणीच नाहीस. उद्या तुला काही झालं तर रेखानं काय करायचं?"

"ताई, तुमी लई भ्या दावता."

"भ्या नाही दाखवत. माणूस गेला की विमा आपल्या नावावर करून घ्यायला तीन महिने असतात. तुझे ते कधीच उलटले. अजूनही गाडी नावावर कर, नवीन पॉलिसी काढ, दोन दिवसांचं काम आहे."

"तात्यांना इचारतो."

तात्या म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. अण्णांच्या मागे घरातले कर्ते तेच. त्यांचं उत्तर बाळूनंच दुसऱ्या दिवशी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. "तात्या म्हनले, गेलेल्या मान्साचं नाव सातबाऱ्यावरनं निघतं, ते सरकार काढतं म्हनून. आपल्या हातानं काढायचं नसतं!"

मी पॉलिसी छापायला घेतली, दुसऱ्या कुणाची तरी.

*

जामखेडचा एक सिमेंटवाला. त्याला सगळं फुल लागतं. "ताई, फुल विमा टाका, पैशाकडं बघू नका!"

मी म्हटलं, "बरं. फुलमध्ये तुमची गाडीही आली आणि समोरचाही आला. पण पार्ट बदलला की जुन्याची झीज धरून पैसे कापतात. प्लास्टिक आणि रबराचे तर निम्मेच मिळतात. ते कापू नयेत म्हणून वर झिरो डेप घ्यावं लागतं. थोडा हप्ता वाढेल."

"फुल घेतलाय ना? मग वर आनखी काय? भरल्या तांब्यात पानी वतता का तुमी?"

नाही घेतलं. पुढे त्यानं गाडी मागे घेताना स्वतःच्याच गोडाऊनच्या खांबावर घातली. बंपर गेला. सर्व्हेअर साहेबांनी मोजमाप केलं, फोटो काढले आणि बंपरपुढे निम्मी रक्कम लिहिली.

सिमेंटवाला तापला. "साहेब, निम्मे कसे? बंपर तर आख्खा फुटलाय! निम्माच फुटला असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो?"

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "टेललाइटपण बदलायचा आहे का?"

"व्हय."

"तो पण प्लास्टिकचाच आहे."

*

खर्ड्याकडचा किस्सा. तिथल्या एका कापड दुकानदाराला मी इंजिनाचं कव्हर घ्या म्हणून सांगत होते. पाणी शिरून इंजिन बिघडलं तर साध्या फुल विम्यात ते बसत नाही, वेगळं घ्यावं लागतं.

तो हसला. "ताई, आमच्याकडं टँकर येतो तवा मान्सं पानी पितात. गाडीत कुठनं शिरायचं?"

बरोबर होतं त्याचं. पण त्याच वर्षी परतीचा पाऊस असा काही कोसळला, की दुकानदाराची गाडी भर ओढ्यात बंद पडली. गावकऱ्यांनी दोर लावून बाहेर काढली. ट्रकवर टाकून इथे आणली.

आता अशी गाडी पुन्हा चालू करायची नसते. पाणी आत असताना स्टार्टर मारला, की इंजिन आतून मोडतं. मग कंपनी म्हणते, हे पाण्यानं नाही मोडलं, तुम्ही मोडलंत. म्हणजे इंजिनाचं कव्हर नसलं, तरी निदान साफसफाईचा खर्च मिळायची थोडीफार आशा होती, ती एवढ्या एका प्रश्नावर होती. साहेबांनी तोच प्रश्न विचारला.

"बंद पडल्यावर परत स्टार्टर मारला होता का?"

मी साहेबांच्या पाठीमागून डोळ्यांनी खुणा करतेय, बाळू खोकतोय. दुकानदारानं छाती पुढे काढून सांगितलं, "मारला म्हंजे! आख्खं गाव बारीबारीनं मारत हुतं!"

गावानं केलेली मदत इतकी महागात पडलेली मी दुसरी पाहिली नाही. बिचारा पुढे मला म्हणाला, "ताई, सांगितलं असतं तर घेतलं असतं की इंजिनाचं." मी सांगितलं होतं! त्याच खुर्चीत बसवून सांगितलं होतं! डोक्याची शीर तडकायची वेळ आली माझ्या.

*

लग्नसराईत अजून एक प्रकार. गाडी घरची, पाटी पांढरी, विमा घरगुती वापराचा. आणि गाडी लावतात वऱ्हाडाच्या भाड्याला! घरच्या गाडीनं भाडं मारताना अपघात झाला, तर कंपनी हात वर करते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून अपघात झाला, की आतली सगळी माणसं गाडीमालकाची नातेवाईक होतात.

अशीच एक गाडी वळणावर चारीत गेली. देवाची कृपा, खरचटण्यावर निभावलं. मालकानं सगळ्यांना पढवून ठेवलं. सर्व्हेअर साहेब एकेकाला विचारायला लागले. हा मेहुणा, तो साडू, ही चुलती. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी एक आजी राहिल्या.

"आजी, गाडीवाला तुमचा कोण?"

"भाचा हाय."

"नाव काय भाच्याचं?"

आजींनी मालकाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि अगदी मनापासून म्हणाल्या, "नाव न्हाई ठरलं बाबा अजून. भाडं तेवढं ठरलंय!"

त्या दिवशी साहेब हसतील असं मला वाटलं होतं. नाही हसले. ती गाडी पुढे गॅरेजमागे उभीच राहिली. मालकाला पैसे जमेनात. तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

*

रेखा हे सगळे किस्से ऐकायची. चहा गाळता गाळता. पण ती हसायची नाही, विचार करायची. एकदा बाळू बाहेर कुणाच्या तरी गाडीखाली झोपलेला असताना तिनं मला हळूच विचारलं, "ताई, ह्यांना काय झालं तर खरंच कायबी मिळनार न्हाई का?"

"नाही मिळणार. गाडी त्याच्या नावावर झाल्याशिवाय नाही."

त्या रात्री ती घरी बोलली असणार. कारण दुसऱ्या दिवशी चहा आला, पण रेखाचे डोळे सुजलेले. मागाहून तिनंच सांगितलं. बाळू म्हणाला होता, "मला मारायची लई घाई झाली का तुला?" आणि तात्या ओसरीवरून म्हणाले होते, "पंधरा लाखावर नजर हाय बाईची."

झालं. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. बायकोनं नवऱ्याच्या विम्याचं विचारलं की ती कैदाशीण, आणि न विचारावं तर पुढे लोक विचारणार, तुला साधं ठाऊक नव्हतं का? बाईनं करायचं तरी काय, ते मला एकदा कुणीतरी सांगा.

मी मात्र हट्टाला पेटले. त्या वर्षी विमा संपत आला, तर बाळूला स्पष्ट सांगितलं, "मेलेल्या माणसाच्या नावानं मी पॉलिसी काढून देणार नाही. आधी नाव बदल."

"बरं," म्हणाला. मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं! दोन-चार दिवसांनी विचारलं, "कधी जातोस आरटीओत?"

त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि मला पॉलिसी दाखवली. काढून मोकळा. अण्णांच्याच नावानं!

"मोबाईलवर निघती, ताई. पाच मिंटं लागली. आन् त्यो तुमच्यासारखे प्रश्न न्हाई इचारत!"

सगळं गॅरेज हसलं. मीसुद्धा हसले. काय करणार, बोललाच होता तसं तो! भांडून त्याच्याशी बोलणं बंद करावं म्हटलं, तर दुपारी तोच माझा प्रिंटर दुरुस्त करायला बसला होता.

*

बाळू गेला तो भर सकाळी. स्पेअर पार्ट आणायला नगरला निघाला होता. समोर कुत्रं आडवं आलं म्हणतात, गाडी कडेच्या लिंबावर गेली. एकटाच होता.

मला माहीत आहे, किस्से सांगताना असं मध्येच सांगू नये. पण माझ्या टेबलापाशी जे येतं ते असंच येतं. गाडी ओढून आणली ती त्याच्याच गॅरेजात. आणायची तरी दुसरीकडे कुठे? काचेवर 'अण्णांचा आशीर्वाद' तसाच, त्या काचेला तडासुद्धा नाही.

सर्व्हेअर साहेब आले. या जागी इतकी वर्षं बाळूशेजारी बसून चहा प्यालेला माणूस. फॉर्म काढला आणि विचारलं, "वाहनमालकाचं नाव?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला ठाऊक आहे."

"विचारावं लागतं, मॅडम."

सांगितलं. साहेबांनी लिहिलं, आणि सवयीनं म्हणाले, "क्लेमवर मालकांची सही लागेल."

रेखा भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "ते वारले, साहेब. लई वर्षं झाली."

"मग विमा कुणी काढला?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. बाहेर जाऊन गाडीचे फोटो काढत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

पंधरा लाख मिळाले नाहीत. गाडीचंही काही मिळालं नाही. मी कंपनीत खेटे घातले, वरच्या साहेबांशी भांडले, विनवण्या केल्या. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नियम वाचून दाखवला. मला पाठ असलेला नियम! जिन्यात उभी राहून मी रडले, दुःखानं कमी आणि संतापानं जास्त. कुणाकुणाचा संताप करायचा हेही कळेना. कंपनीचा करावा तर ती कागदाप्रमाणे बरोबर. बाळूचा करावा तर तो गेलेला.

*

आता शेवटचा. हा झाला त्याला फार दिवस नाही झाले.

गॅरेजातल्या मिस्त्रींनी पदरमोड केली, जुने पार्ट जमवले आणि बाळूची गाडी पुन्हा उभी केली. रंगसुद्धा मारला. रेखाला म्हणाले, "वैनी, विका न्हाईतर वापरा, पन तुमची गाडी तुमच्या ताब्यात घ्या." रेखानं ठरवलं होतं, विकायची. तेवढ्या पैशात गॅरेजचं थकलेलं भाडं जाईल, मिस्त्री टिकतील, गॅरेज चालू राहील. तिच्यासाठी आणि दुसरीतल्या मुलासाठी, आदूसाठी, मागे राहिलेलं होतं काय, तर हे गॅरेज आणि ही गाडी.

ती कागद घेऊन माझ्याकडे आली. सोबत तात्या. आल्या आल्या त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पाय लावून बघितला, मग खुर्ची ओढून बसले. मी छातीत दम भरून ठेवला होता. म्हटलं, आज हा म्हातारा परत सातबारा काढणार, आज मी याचं काही ऐकून घेणार नाही.

तर तात्याच म्हणाले, "मॅडम, अण्णाचं नाव आता काढून टाका. आमची चूक झाली."

मला खरंच वाटेना. रेखानं माझ्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जरा रंग दिसला. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाबद्दल बरं वाटलं. मी भराभर फॉर्म काढला. वारसाच्या नावावर करायचा अर्ज, वर पत्ता लिहिला, गाडीचा नंबर लिहिला.

"नवीन मालकाचं पूर्ण नाव सांग, रेखा."

रेखानं तोंड उघडलं, तेवढ्यात तात्या म्हणाले, "तिचं न्हाई. आदूचं घाला."

"तात्या, आदू दुसरीत आहे!"

"मग काय झालं? आज ना उद्या मोठा हुईलच की. वारस त्योच हाय. बाईच्या नावानं गाडी करायची, आन् उद्या ती घेऊन म्हायेरी गेली मंजी?"

रेखानं पदर घट्ट ओढून घेतला.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "तात्या, आणि आदू मोठा होईपर्यंत ही गाडी चालवणार कोण?"

"तवर मी हाय की!" तात्या म्हणाले. टेबलावरची किल्ली त्यांनी उचलली, खिशात टाकली, आणि गाडीत बसण्याआधी चपला काढून हातात घेतल्या.